शनवार तेली आणि आपला रविवार

रविवारच्या उपासनेला आमच्याकडे 'भक्ती' म्हणतात. भक्ती किती वाजता आहे, भक्तीला कोण कोण आलं होतं, असं आम्ही सहज बोलतो. आजारी माणसापाशी घरी थांबलेली सून बाराच्या सुमारास फोन करून विचारते, "भक्ती सुटली का? कुकर लावू?" शाळा सुटते, कचेरी सुटते, तशी भक्ती सुटते. साठी उलटेपर्यंत या बोलण्यात मला काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी. त्यात नव्या पाळकसाहेबांचा स्वागत समारंभ, हारतुरे, चार भाषणं. भक्ती सुटायला एक वाजला आणि पावसातून घरी पोचायला पावणेदोन. जिन्यात आमच्या दारासमोरच्या पायरीवर मावशी बसल्या होत्या. रविवारी त्या आमच्याकडे साडेबाराला येत, कारण त्याआधी आम्ही घरी नसायचो. सकाळची दोन घरं उरकून पुन्हा वस्तीवर जाऊन यायचं तर जाण्यायेण्यातच तास मोडणार, म्हणून मधला वेळ त्या कुठेतरी काढत. त्या दिवशी तो आमच्या जिन्यात निघाला. ओली छत्री उघडून वाळत ठेवलेली, शेजारी चौथीतली नात. गुडघ्यावर वही ठेवून ती सतराचा पाढा लिहीत होती. मी वाकून पाहिलं तेव्हा सतरा नव्वे एकशे त्रेपन्नवर आली होती. एकशे त्रेपन्न! येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या जाळ्यात सापडलेले मासे तेवढेच. नुकतीच भक्तीतून आलेली मी, मला आधी ते मासे आठवले. दीड तास जिन्यात बसलेली पोर नंतर दिसली.

"उशीर झाला हो मावशी, प्रभुभोजन होतं," मी म्हटलं.

"असू द्या काकू, देवाचं काम," त्या म्हणाल्या आणि आदल्या रात्रीपासून साठलेल्या भांड्यांकडे गेल्या.

त्या दिवशीचा उपदेश कशावर होता ते मला आज सांगता येणार नाही. 'देवाचं काम' हे दोन शब्द मात्र तेव्हापासून डोक्यातून गेलेले नाहीत.

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरवावी, यावर आमच्याकडे उपदेशांना तोटा नाही. पहाटे उठून प्रार्थना करा, रोज एक अध्याय वाचा, दशांश काढा, दारू-तंबाखूला शिवू नका, शेजाऱ्यावर प्रीती करा. सगळं खरं आहे, आणि त्यातलं बरंचसं मी पाळतेही. पण ही सगळी यादी आपल्या एकट्याच्या हातातली आहे. ती पाळताना दुसऱ्या कोणाचा दिवस बदलत नाही. मला वाटतं, भक्ताची परीक्षा घ्यायची तर आधी एकच प्रश्न विचारावा: तुझ्या भक्तीमुळे कोणाला विसावा मिळाला? आणि त्याच्याच पोटातला दुसरा: तुझ्या भक्तीसाठी कोणाचा विसावा गेला?

हा प्रश्न मी माझ्या मनाने काढलेला नाही. दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोनदा येतात, एकदा 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि पुन्हा 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्यात. शब्बाथशाळेत (शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस) आम्ही पाठ केल्या त्या निर्गमातल्या. तिथे विसाव्याच्या आज्ञेचं कारण सृष्टीचं आहे. देवाने सहा दिवसांत सारं निर्माण केलं, सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तूही थांब. अनुवादात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे तीच आज्ञा सांगतो आणि कारण बदलतो. तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास, तुला तिथून सोडवून आणलं, ते विसरू नको. कोणी काम करायचं नाही याची यादी दोन्हीकडे आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरं, तुझ्या वेशीच्या आत राहणारा उपरी, म्हणजे परका. अनुवाद त्यात बैल आणि गाढव यांची नावं घेतो, आणि शेवटी आणखी एक सांगतो: हे कशासाठी, तर तुला जसा विसावा मिळतो तसाच तुझ्या दासाला आणि दासीला मिळावा म्हणून.

(यादीत बायको नाही. शास्त्रावर भाष्य लिहिणारे टीकाकार म्हणतात, 'तू' म्हटल्यावर ती आलीच. टीकाकारांच्या घरी विसाव्याच्या दिवशीचं मटण कोण शिजवत होतं, ते मात्र ते सांगत नाहीत.)

म्हणजे आज्ञा घरमालकाला उद्देशून आहे, पण तिचा लाभधारक स्वयंपाकघरात आणि गोठ्यात उभा आहे. मालक उपासनेला गेला, त्याने गाणी म्हटली, अर्पण टाकलं आणि घरी दासी भांडी घासत होती, तर मोशेच्या हिशेबाने त्याने ती आज्ञा मोडली. इथे मधला रस्ता मला तरी सापडत नाही.

माझ्या आजीचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावात वतनी महार होते. पुढे मिशनच्या शाळेमुळे ख्रिस्ती झाले. वतनाच्या कामाला वेळेचं बंधन नव्हतं. दिवसा, रात्री, बोलावणं आलं की जायचं. घरातला एक आजारी असेल तर दुसऱ्याने जायचं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच वेठीसाठी, आणि ती वतनं कायद्याने जायला 1958 उजाडावं लागलं. आजी सांगायची की ख्रिस्ती झाल्यावर वडिलांनी पहिली गोष्ट कोणती केली, तर रविवारी पाटलाच्या बोलावण्याला 'उद्या येतो' म्हणून कळवलं. त्यावरून काय झालं ते ती कधी नीट सांगत नसे. "झालं थोडं," एवढंच म्हणायची. ज्याने मिसर आपल्याच गावात पाहिलं होतं, त्याला अनुवादाचा पाचवा अध्याय कोणी समजावून सांगावा लागला नसणार. त्याची पणती मी. माझ्या दारातल्या पायरीवर मावशी बसल्या होत्या.

आता जरा कोकणात जाऊ. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक राहत. आज त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले, पण जुन्या माणसांना त्यांचं गावातलं नाव आठवतं: शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. त्या लोकांची परंपरा अशी सांगते की त्यांच्यापाशी ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू विसरली होती, प्रार्थना म्हणाल तर 'हे इस्राएला, ऐक' एवढी 'शेमा' तेवढी तोंडात राहिली होती. बोलायचे मराठी, नेसायचे इथलं. शेजारच्या कुणब्याला मोशे ठाऊक नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की शनिवारी याच्या घाण्याची करकर ऐकू येत नाही.

मला हे चित्र फार आवडतं. घाणा बंद म्हणजे डोळ्यांना झापडं बांधून दिवसभर गोल फिरणारा बैलही त्या दिवशी मोकळा. आज्ञेच्या यादीतला बैल तिथे अक्षरशः हजर होता. आपल्या धर्माबद्दल त्या लोकांनी गावात एक पत्रक वाटलं नसेल, पण गावाने त्यांना नाव दिलं ते त्यांच्या विसाव्यावरून. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत आपल्याला काय म्हणून ओळखतात? नाताळात करंज्या-केक पाठवणारे. रविवारी नटूनथटून बाहेर पडणारे. फार तर, 'यांच्याकडे रविवारी बाई उशिरा लागते.'

शनिवार खरा की रविवार खरा हा वाद मी बाजूला ठेवते. त्यात शिरलं की मूळ मुद्दा नक्की हरवतो. पण रविवारचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे, कारण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हती. इसवी सन 112 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानाला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करू काय. त्यात तो सांगतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. उजाडायच्या आत का, ते उघड आहे. उजाडल्यावर कामाला जायचं असे. खरं काय ते काढून घ्यायला प्लिनीने दोन दासींचा छळ केला. मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समुदायात, त्यांना सेविका म्हणत, असं तोच लिहितो. सेविका म्हणजे आज ज्यांना आपण डीकन म्हणतो त्या. त्या मंडळीत धुणीभांडी करणाऱ्या बायका पदाधिकारी होत्या आणि भक्तीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरत होती. आमची भक्ती साडेनऊला असते. ही वेळ कोणाच्या सोयीने ठरली, हे मी कार्यकारिणीत दोन वर्षं असूनही कधी विचारलं नव्हतं.

321 साली रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला. शहरातल्या लोकांनी आणि न्यायाधीशांनी विश्रांती घ्यावी, कारखाने बंद ठेवावेत, पण शेतकऱ्यांना सूट: पेरणीचा, द्राक्षवेली लावण्याचा दिवस टळू नये म्हणून त्यांनी खुशाल काम करावं. रविवार सरकारी झाला त्या दिवसापासूनच त्याला अपवाद चिकटले, आणि जो सर्वांत जास्त राबतो तोच अपवादात गेला. हे तेव्हापासून आजवर बदललं आहे असं म्हणवत नाही.

महाराष्ट्रात कामकऱ्यांना रविवार मिळाला तो कोणी मिळवून दिला? मिशनऱ्यांनी नाही. मुंबईत पारशी, गुजराती, बगदादी ज्यू अशा नाना धर्मांच्या मालकांच्या गिरण्या होत्या, वरचे साहेब बरेचसे विलायती होते, आणि सरकार ज्या राणीचं, तिच्या पदव्यांत 'धर्मरक्षक' अशी एक पदवी होती. साहेबाचं चर्च रविवारी भरत होतं. त्याच रविवारी गिरणी कामगार यंत्रं पुसायला बोलावला जात होता. हे थांबवलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातल्या माणसाने. 1884 साली त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा मागण्या होत्या. सहा वर्षं पाठपुरावा चालला. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा झाली. दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. 10 जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असं लोखंडे सांगत.

म्हणजे ज्या दिवशी मी निवांत 'उपासना संगीत' हातात घेऊन बाकावर बसते, तो दिवस मला सुट्टीचा म्हणून मिळाला त्यात खंडोबाच्या नावाने भांडलेल्या एका सत्यशोधकाचा मोठा वाटा आहे. मला यात अवघडल्यासारखं काही वाटत नाही. देव आपलं काम कोणाकडून करून घेईल ते तो आमच्या कार्यकारिणीला विचारून ठरवत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: आज्ञा आमच्या पुस्तकात होती आणि लढा दुसऱ्याने दिला.

आणि तो लढा गिरणीच्या फाटकाशी थांबला. घरात आलाच नाही. दुकानातल्या नोकराला, कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी कायद्याने आहे. घरकामगार बाईला नाही. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तो आजारपणातल्या खाड्यावरून; त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगारी रजेची भाषा इथल्या मध्यमवर्गाच्या कानावर प्रथम पडली. 2008 मध्ये महाराष्ट्राने घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, साप्ताहिक सुट्टीचा हक्क नाही. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विसावा द्यावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारताने बाजूने मत दिलं आणि कराराला मंजुरी मात्र दिली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी कायदा करता येईल का, ते पाहायला समिती नेमा.

या सगळ्यात चर्च कुठेच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेवोस यांनी 1985 मध्ये घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली आणि ती मुंबईत रुजवली. पण त्या एकट्या बाईचं काम आपल्या खात्यावर मांडून आपण बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. शाळांचे प्रवेश, दफनभूमीची जागा, संस्थांच्या मालमत्ता, यासाठी आमच्या मंडळ्या निवेदनं देतात, मोर्चे काढतात, आणि ते प्रश्न खरेच आहेत. घरकामगारांच्या सुट्टीसाठी मात्र आमच्या मंडळीच्या लेटरहेडवर एक ओळ लिहिली गेलेली मी पाहिलेली नाही.

यावर जे आक्षेप येतात ते मी अनेकदा ऐकले आहेत. पहिला: सगळ्यांनीच सुट्टी घेतली तर जग चालेल कसं? माझी आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिची सुट्टी गुरुवारी असे. रविवारी ती ड्यूटीवर, आम्ही शब्बाथशाळेत. गुरुवारी ती पांढरे कपडे निळीत घालून वाळत टाकायची, मग दार लोटून पलंगावर आडवी होऊन स्तोत्रं वाचायची आणि आम्हाला बजावायची, "आज माझा रविवार आहे, मला उठवू नका." येशूने अठरा वर्षं कमरेत वाकलेल्या बाईला शब्बाथाच्या दिवशीच बरं केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडला तेव्हा त्याने विचारलं की तुम्ही बैलाला, गाढवाला त्या दिवशी सोडून पाण्यावर नेता ना? कोणता वार, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. बांधलेलं माणूस सुटलं की नाही, एवढंच तो पाहत होता. नर्सला गुरुवार द्या, वॉचमनला मंगळवार द्या. आठवड्यातला एक द्या, आणि पगार कापू नका.

दुसरा आक्षेप आमच्या महिला मंडळात आला. "अगं, पण ती हिंदू आहे. तिला रविवारचं काय?" तिला रविवारचं काय ते लोखंड्यांनी सांगून ठेवलंय, आणि आज्ञेच्या यादीत वेशीच्या आतला उपरी नाव घेऊन आहे. त्याचा देव कोणता, हे तिथे विचारलेलं नाही. मग आणखी एक बाई म्हणाल्या, अगदी मनापासून, "भक्तीला येणार असेल तर मी देते सुट्टी." बोलणं प्रेमाचं होतं, पण मला धस्स झालं. आमिष दाखवून धर्म वाढवता, हा आरोप आपल्यावर उठताबसता होतो, आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. पण 'भक्तीला आलीस तर सुट्टी' याला दुसरं नाव नाही. विसाव्याला अट घातली की तो विसावा राहत नाही, मजुरी होते. मावशींनी रविवारी जेजुरीला जावं, लेकीकडे जावं, नाहीतर दिवसभर मालिका बघत लोळावं. दिलेला दिवस तिचा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो मला कोणी घेतला नाही, घडून कळला. त्या जुलैनंतर आम्ही मावशींना रविवार दिला. पगार तोच. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन महिन्यांनी कळलं की त्या रविवारी मोकळ्या झालेल्या वेळात चौकापलीकडच्या एका घरी पोळ्या करायला जातात. मी जरा दुखावूनच विचारलं. त्या हसल्या. "काकू, एका घरानं सुट्टी दिली म्हणून पोटाला सुट्टी मिळतीय व्हय?" त्यांची सहा घरं. पाच घरं कामाला बोलावतात तोवर सहाव्याची सुट्टी म्हणजे मधलं एक भोक, आणि गरिबाला भोक बुजवावंच लागतं. मीही पाच वर्षं तोच पगार देत आले होते. सुट्टी दिली, वाढ नव्हती दिली. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असं लिहिलंय. माझ्या घरातली ओरडत नव्हती, दबक्या आवाजात पोळ्या लाटत होती, एवढाच काय तो फरक.

म्हणून मी म्हणते की हा प्रश्न एकेकट्याच्या पुण्याईने सुटणारा नाही. एका घराची दया दुसऱ्या घरात जिरून जाते. शनवार तेल्यांचा घाणा बंद राहायचा तो सगळ्यांचा मिळून, म्हणून तो राहू शकला; एकाने बंद ठेवला असता तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे गेलं असतं आणि महिन्याभरात त्याचाही घाणा शनिवारी फिरू लागला असता. आपल्याकडे मंडळी आहे. एका वस्तीत, चारदोन सोसायट्यांत विखुरलेली, दर आठवड्याला एकत्र जमणारी, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी अशी घरं फार थोड्या समाजांपाशी असतात. ती घरं मिळून ठरवू शकतात: आठवड्याला एक पूर्ण पगारी सुट्टी, दरवर्षी वाढ, आजारपणाचा खाडा कापायचा नाही. एवढं आपल्या घरात करून दाखवलं की मग सरकारकडे कायदा मागायला तोंड राहतं. आणि मागायचा तो ख्रिस्ती रविवार नाही. कोणालाही, कोणत्याही वारी, सलग चोवीस तास. आमोस संदेष्ट्याच्या काळातले व्यापारी शब्बाथ पाळत होते, दुकानं बंद ठेवत होते, आणि आत बसून हा दिवस कधी संपतो नि आपण माप मारून गहू कधी विकतो, याची वाट पाहत होते. आमोसने त्यांनाच झोडपलं, न पाळणाऱ्यांना नाही.

(आणि रविवारी भक्ती सुटल्यावर कंटाळा आला म्हणून फोनवरून बिर्याणी मागवतो, तेव्हा खालच्या फाटकाशी हेल्मेट घालून उभा असतो तो वेशीच्या आत की बाहेर, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या घरी यावर अजून भांडण चालू आहे.)

गेल्या फेब्रुवारीत मी मंडळात रीतसर ठराव ठेवला. 42 घरं. चर्चा दीड तास चालली. "मग आमची भांडी कोण घासणार?" इथून "आपण उगाच राजकारणात पडतोय" इथपर्यंत सगळं झालं. ज्यांच्या आया-आज्यांनी स्वतः दुसऱ्यांची भांडी घासली, त्यांतल्या दोघी सर्वांत जोरात विरोध करत होत्या. ते मला समजतही होतं आणि सहनही होत नव्हतं. शेवटी अकरा घरांनी सह्या केल्या. पाळकसाहेब म्हणाले, अकरा तर अकरा, प्रभूने बारांवर सुरुवात केली होती. मावशींच्या सहा घरांपैकी दोन त्या अकरात आली. मग उरलेल्यांपैकी एका घराला, जे आपल्यातलं नाही, मावशींनी स्वतःच सांगून टाकलं की दोन घरं देतात, तुम्हीही द्या. त्यांनी दिली. आता महिन्यातले दोन रविवार त्या पूर्ण घरी असतात, असं त्या सांगतात. नात यंदा सातवीत आहे.

सभा संपली, खुर्च्या रचायला आमच्या देवळाचा शिपाई आला. सकाळी सातला फाटक उघडणं, चटया घालणं, माइक लावणं, दुपारी सगळे गेल्यावर कुलूप घालणं, बाविसाव्या वर्षापासून तो हे करतोय, आता केस पिकले. कोणीतरी सहज विचारलं, "आणि याची सुट्टी कधी असते हो?" खजिनदार कार्यवाहांकडे पाहू लागले, कार्यवाह पाळकसाहेबांकडे. पाळकसाहेब नवे, ते आमच्याकडे.

"सोमवारी असेल ना?" मी त्याला विचारलं.

"सोमवारी कशी?" तो म्हणाला. हातातल्या चार खुर्च्या त्याने एकावर एक सरळ केल्या. "रविवारचा केर सोमवारीच काढायचा असतो."